बेळगावात मारिओ हळू का धावायचा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात चाळिशीकडे झुकलेली बरीच माणसं हल्ली माळ्यावरचे जुने व्हिडिओ गेम खाली उतरवताहेत. कुणी स्वतः खेळायला, कुणी पोरांना दाखवायला, तर काहीजण रीतसर संग्रह करायला. संग्रह करणाऱ्यांतले बहुतेक लवकरच एका वाटेला लागतात. आपल्याकडची ती ‘डुप्लिकेट’ म्हणून घरची पेटी, म्हणजे टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र, बाजूला सारतात आणि निन्टेंडो या जपानी कंपनीच्या जपानी किंवा अमेरिकन यंत्रांच्या मागे धावतात. मला हे पटत नाही. सीमाभागातल्या पोरांनी जो खेळ खेळला तो त्या डुप्लिकेट पेटीवरच खेळला, आणि त्या पेटीला स्वतःचा इतिहास आहे.

सुरुवात मात्र आपल्यापासून फार लांब झाली. सुरुवातीच्या घरगुती यंत्रांत खेळ सर्किटातच पक्के बसवलेले असत. नवा खेळ हवा तर नवं यंत्र घ्या. १९७६ साली अमेरिकेत फेअरचाइल्ड कंपनीचं ‘चॅनल एफ’ आलं. जेरी लॉसन या अभियंत्याच्या चमूने त्यात खेळ रॉम चिपवर घालून बदलता येण्याजोग्या कार्ट्रिजमध्ये दिला. पुढच्याच वर्षी अटारी कंपनीने ही कल्पना घरोघर नेली, आणि १९८३ मध्ये निकृष्ट खेळांच्या गर्दीत अमेरिकेतला तो सगळा बाजार कोसळला. आपल्या गोष्टीत या पर्वाचा वाटा एवढाच, की खेळ म्हणजे खाचेत घालायची डबी हे तेव्हा ठरून गेलं. त्या डबीला आपण कायम ‘कॅसेट’च म्हटलं.

आपल्या पेटीचा खरा पूर्वज १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीला आला. निन्टेंडोचा फॅमिकॉम. मासायुकी उएमुरा यांनी त्याची रचना केली, रिको कंपनीने आठ बिटांचा प्रोसेसर पुरवला, आणि कॅसेटला साठ पिना होत्या. दोन वर्षांनी अमेरिकेत हेच यंत्र नव्या रूपात गेलं तेव्हा पिना बहात्तर झाल्या आणि परवान्याशिवायची कॅसेट चालू नये म्हणून आत कुलुपाची चिप बसली. जपानी फॅमिकॉममध्ये ती चिप नव्हती. नकल करणाऱ्यांनी साठ पिनांचा साचा उचलला याचं मोठं कारण हेच. बेळगावातली कॅसेट अमेरिकन यंत्रात बसत नाही आणि जपानी यंत्रात सहसा बसते, त्याचंही मूळ इथेच आहे.

नकल झाली ती मुख्यतः तैवानात. तिथल्या यूएमसी कंपनीने रिकोच्या प्रोसेसरच्या आणि चित्र काढणाऱ्या चिपच्या नकला बनवल्या. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत विलक्षण भाग इथे येतो. जपानचा टीव्ही एनटीएससी पद्धतीचा, सेकंदाला साठ वेळा चित्र काढणारा. भारतातला टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला पन्नास वेळा. नुसतं जपानी यंत्र आपल्या टीव्हीला जोडलं तर चित्र एकतर वर-खाली सरकत राहायचं किंवा काळं-पांढरं यायचं, कारण रंगाचा संकेत टीव्हीला कळायचाच नाही. यूएमसीने पाल देशांसाठी वेगळी चिपजोडी काढली आणि त्यात एक हुशारी केली. चित्र पन्नासच्या चालीने निघायचं, पण प्रत्येक चित्राच्या आतला हिशोब असा जुळवलेला होता की जपानी खेळ अडखळता कामा नये.

परिणाम असा, की खेळ बिघडला नाही, फक्त सावकाश झाला. साठाच्या जागी पन्नास म्हणजे सुमारे सतरा टक्के कमी वेग. मारिओच्या घड्याळातला आकडा दर चोवीस चित्रांनी एकने उतरतो, त्यामुळे घड्याळही त्याच प्रमाणात रेंगाळलं आणि पळणाऱ्याला वेळेचा फायदा मिळाला नाही. संगीताचं तर आणखी निराळं झालं. लय घसरली, पण सूर जवळजवळ जागच्या जागी राहिला, कारण सूर प्रोसेसरच्या गतीवर ठरतो आणि ती जेमतेम एका टक्क्याने कमी होती. निन्टेंडोने युरोपात स्वतः विकलेल्या मारिओत पन्नासच्या हिशोबाने वेग सुधारून घेतला होता. आपल्या कॅसेटीत तसं काही केलेलं नव्हतं. म्हणून मूळ जपानी मारिओ आज प्रथमच ऐकणाऱ्या बेळगावकराला ती धून घाईची वाटते. त्याच्या कानात मुरलेली विलंबित चाल खोटी नाही. त्या पेटीतून तशीच चाल यायची.

भारतात ही यंत्रं आली तेव्हा ग्राहकोपयोगी मालाच्या आयातीवर परवान्यांचे आणि जकातीचे निर्बंध होते. ‘समुराई’, मीडिया कंपनीची ‘लिटल मास्टर’, नंतर ‘टर्मिनेटर’ अशा नावांनी पेट्या मिळू लागल्या. सेगा या दुसऱ्या जपानी कंपनीचं मेगा ड्राइव्ह हे यंत्र १९९५ मध्ये शॉ वॉलेस कंपनीने आणलं, पण किमतीमुळे ते मध्यमवर्गीय घराच्या आवाक्याबाहेर राहिलं. सीमाभागात दुकानाइतकाच माल माणसांबरोबर आला. खानापूर आणि शेजारच्या चंदगड तालुक्यातली घरं मुंबई-गोव्याच्या नोकऱ्यांवर उभी होती. गणपतीला येणाऱ्या काकाच्या बॅगेत पेटी असायची, नाहीतर कोल्हापूर, हुबळी किंवा म्हापशाहून ती आणवली जायची. बेळगावात खडेबाजार आणि गणपत गल्लीच्या बाजूला घड्याळं, कॅल्क्युलेटर आणि टेपच्या कॅसेटींसोबत ती दिसायला लागली ती त्यानंतर.

आपण कोणते खेळ खेळलो हेही चिपच्या आकाराने ठरवलं. ‘बॅटल सिटी’, ज्याला सगळे ‘टँक’ म्हणायचे, तो अवघा २४ किलोबाइटचा. मूळ ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ ४० किलोबाइटचा. १९८३ ते ८६ दरम्यानचे असे लहान, साध्या बांधणीचे खेळ एकाच चिपवर दाटीवाटीने बसवणं स्वस्त होतं. म्हणून ‘रोड फायटर’, ‘सर्कस चार्ली’, ‘एक्साइटबाइक’, ‘लोड रनर’, ‘डक हंट’ घरोघर पोचले. कव्हरवर लिहिलेल्या ‘९९९९९९९ इन १’ मध्ये खरे खेळ मोजकेच असत आणि बाकीच्या ओळी त्याच खेळांच्या, फक्त पुढच्या लेव्हलपासून किंवा जास्त जीव देऊन सुरू होणाऱ्या. ‘कॉन्ट्रा’ची अमेरिकन आवृत्ती १२८ किलोबाइटची, त्यामुळे तिची कॅसेट बहुधा वेगळी घ्यावी लागे आणि ती ज्याच्याकडे असे त्याचा गल्लीत मान असे. दिवसेंदिवस चालणारा, मधेच सेव्ह करावा लागणारा ‘झेल्डा’सारखा खेळ आपल्यापर्यंत आलाच नाही. त्याच्या कॅसेटीत बॅटरी लागायची, आणि स्वस्त नकलेला तो खर्च परवडणारा नव्हता.

मे महिन्याच्या सुट्टीत पेटी तासावर भाड्याने मिळायची. एकाच्या घरचा टीव्ही, दुसऱ्याची पेटी, तिसऱ्याची कॅसेट, आणि चॅनल ट्यून करणारा चौथा. मराठी शाळेतलं पोरगं, कानडी शाळेतलं पोरगं आणि कॅम्पातलं इंग्रजी शाळेतलं पोरगं खेळायच्या एकाच रिमोटसाठी नंबर लावून बसायची. पडद्यावरचं इंग्रजी कुणालाच धड कळत नव्हतं, आणि त्याने कुणाचं अडतही नव्हतं. भाषेवरून इतके मोर्चे पाहिलेल्या या शहराच्या इतिहासात ही नोंद राहायला हवी असं मला मनापासून वाटतं.

ओहोटी लवकर आली. १ एप्रिल २००१ पासून आयातीवरचे उरलेले संख्यात्मक निर्बंध उठले आणि एका चिपवर अख्खा फॅमिकॉम बसवलेल्या हलक्या चिनी पेट्यांचा पूर आला. सप्टेंबर २००३ मध्ये निन्टेंडोने मूळ फॅमिकॉमचं उत्पादन थांबवलं. तोवर आपल्याकडची पोरं सायबर कॅफेत गेली होती.

आज जतन करणाऱ्यापुढचा पहिला शत्रू पाऊस आहे. खानापूरकडच्या दमट हवेत कॅसेटच्या पिनांवरचा पातळ मुलामा काळवंडतो. फुंकर मारल्याने गेम चालू व्हायचा तो बहुतेकदा कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. तोंडातली वाफ मात्र पिनांवर राहायची आणि गंज वाढवायची. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेला कापसाचा बोळा पुरतो, पॉलिश पेपर कधीच घासू नये. कॅसेट उघडल्यावर आत डांबराच्या थेंबासारखा काळा गोळा दिसतो. त्याखाली चिप थेट बोर्डावर चिकटवलेली असते. ती मेली की बदलता येत नाही, म्हणून चालू आहे तोवर तिच्यातला खेळ उतरवून ठेवणं निकडीचं. मूळ अ‍ॅडॅप्टर हरवला असेल तर दुसरा जोडण्याआधी व्होल्ट आणि पिनेची उलट-सुलट बाजू मल्टीमीटरने तपासावी. डक हंटची बंदूक हवी असेल तर जुना काचेच्या नळीचा टीव्ही भंगारात देऊ नका. ट्रिगर दाबताच पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो आणि बंदूक तो प्रकाश त्याच क्षणी शोधते. एलसीडीवर चित्र उशिरा उमटतं, त्यामुळे नेम लागतच नाही.

यूएमसीच्या याच धाटणीची नकल रशियात १९९२ पासून ‘डेंडी’ नावाने विकली गेली. तिकडच्या लोकांना त्या नकलेची लाज वाटली नाही. तिच्या चिपची गती मोजली गेली, नोंदली गेली, आणि आज फॅमिकॉमची नक्कल करणाऱ्या मेसेन, एफसीईयूएक्स या संगणकीय प्रोग्रॅममध्ये जपान-अमेरिका आणि युरोप यांच्या जोडीला ‘डेंडी’ हा तिसरा पर्याय मिळतो. तो निवडला की मारिओ बेळगावच्या चालीने पळतो. आपल्या पेट्यांवरची नावं, आतले बोर्ड, कॅसेटींच्या याद्या, भाड्याचे दर यांची अशी नोंद अजून व्हायची आहे. पेटी हाती आली तर विकण्याआधी ती उघडा, चिपवरचा नंबर आणि बोर्डाचा फोटो घ्या, आणि ती कुठून, कुणाबरोबर, साधारण कोणत्या साली आली हे घरातल्या मोठ्यांना विचारून लिहून ठेवा.