बेब्लेड एक्स : स्टेडियमची रचना आणि बाद करण्याचे नियम

बेब्लेड एक्स हा ताकारा टॉमी या जपानी कंपनीने जुलै 2023 मध्ये जपानमध्ये आणलेला झुंजीच्या भोवऱ्यांचा खेळ. 1999 मध्ये सुरू झालेल्या बेब्लेड मालिकेतली ही चौथी मोठी पिढी. वाटीसारख्या खोलगट स्टेडियममध्ये दोघे एकाच वेळी भोवरे सोडतात. समोरचा भोवरा आधी थांबला, बाहेर गेला किंवा त्याचे भाग सुटले की गुण मिळतो. कोणत्या पद्धतीने बाद केल्यास किती गुण, हे स्टेडियमच्या आकाराशी जोडूनच ठरवलेले आहे.

या खेळाचे मूळ बेइगोमा या जुन्या जपानी भोवऱ्यांच्या खेळात आहे. पिंप किंवा बादलीच्या तोंडावर ताडपत्री ताणून बांधायची आणि मध्यभागी थोडा झोल ठेवायचा. या आखाड्याला तोको म्हणतात. साधारण 3 सेंटिमीटर व्यासाचे ओतीव लोखंडी भोवरे दोरीने त्यावर टाकतात आणि तोकोवर शेवटपर्यंत फिरत राहणारा जिंकतो. झोलामुळे भोवरे आपोआप एकमेकांकडे घसरतात आणि टक्कर टळत नाही. भोवरा जितका बुटका, तितका तो दुसऱ्याच्या खाली शिरून त्याला उचलून फेकतो, म्हणून मुले त्याची टोके घासून घेत. आपल्याकडे जाळी गुंडाळून खेळल्या जाणाऱ्या भोवऱ्यात रिंगण सपाट जमिनीवर असते. तिथे टक्कर नेम धरून घडवावी लागते, आर बरोबर बसवावी लागते. खोलगट आखाड्यात ते काम उतार करतो.

मात्र उताराची एक अडचण आहे. टोकदार किंवा गोल बुडाचा भोवरा मध्यभागी स्थिर उभा राहतो, फारशी शक्ती खर्च करत नाही आणि हल्लेखोर दमून थांबण्याची वाट पाहतो. सपाट बुडाचा भोवरा घर्षणामुळे सतत धावतो, त्यामुळे त्याची फिरकी लवकर संपते. 2008 नंतरच्या धातूच्या पिढीतील काही स्टेडियममध्ये उताराच्या पायथ्याशी गोलाकार उंचवटा दिला होता. हल्लेखोर त्याच्या आधाराने मध्याभोवती फेऱ्या मारी. 2015 च्या बर्स्ट पिढीत भाग सुटण्याला 2 गुण आणि बाहेर जाण्याला 1 गुण होता. साहजिकच खेळाडू प्रतिस्पर्धी भोवरा फोडण्याच्या मागे लागले.

एक्स पिढीने याला दिलेले उत्तर म्हणजे एक्स्ट्रीम लाइन. स्टेडियमच्या काठालगत दात असलेली पट्टी बसवलेली असते. भोवऱ्याच्या तळाच्या भागाला, म्हणजे बिटलाही, दाते असतात. बिट पट्टीत अडकले की फिरकीतली शक्ती एकदम पुढे धावण्याच्या वेगात बदलते आणि पट्टीवरून सुटलेला भोवरा मध्यभागी उभ्या असलेल्याला जोरात धडकतो. हा वेग फुकट मिळत नाही, तो फिरकीतूनच येतो. दोन-तीन धडका हुकल्या तर हल्लेखोर थकतो आणि समोरच्याला काही न करता गुण मिळतो. या पिढीतली सगळ्यात चांगली रचना हीच: आक्रमणाला बळ दिले, पण त्याची किंमतही वसूल केली.

प्रमाणित स्टेडियमच्या एका बाजूला मधोमध एक्स्ट्रीम झोन नावाचा खिसा असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना कोपऱ्यांत एकेक ओव्हर झोन असतो. समोरच्या बाजूला खिसा नसतो. वर पारदर्शक झाकण असते. झाकणाला आपटून भोवरा परत आत आला तर लढत चालूच राहते.

गुण असे: प्रतिस्पर्धी आधी थांबला तर 1, ओव्हर झोनमध्ये गेला तर 2, त्याचे भाग सुटले तर 2, एक्स्ट्रीम झोनमध्ये गेला तर 3. दोघे एकाच क्षणी बाद झाले तर गुण न देता लढत पुन्हा खेळतात. सर्वसाधारण सामना 4 गुणांचा असतो. त्यामुळे मध्यभागी तग धरून जिंकणाऱ्याला चार लढती जिंकाव्या लागतात, तर एक एक्स्ट्रीम फिनिश (एक्स्ट्रीम झोनचे 3 गुण) आणि कोणताही आणखी एक विजय एवढ्यावर दुसऱ्याचे काम होते. आपलाच भोवरा धावत खिशात गेला तरी गुण समोरच्याला जातात.

प्रत्येकी तीन भोवऱ्यांच्या सामन्यात ते उतरवण्याचा क्रम आधी गुप्तपणे ठरवतात आणि तिन्हींत एकही भाग दोनदा वापरता येत नाही. भोवऱ्याचे भाग तीन: वरचे ब्लेड, मधले रॅचेट आणि खालचे बिट. रॅचेटवर 3-60 असे लिहिलेले असेल तर 3 ही बाहेर आलेल्या टोकांची संख्या आणि 60 म्हणजे 6.0 मिलिमीटर उंची. 80 उंचीचा भोवरा वरून मारा करू शकतो, पण बुटक्याचा घाव त्याच्या रॅचेटवर बसतो आणि भाग सुटण्याचा धोका वाढतो. ड्रॅन सोर्ड 3-60 फ्लॅट (म्हणजे सपाट बिटचा) हा बुटक्या हल्लेखोराचा नमुना, तर विझार्ड ॲरो 4-80 बॉल (म्हणजे गोल बिटचा) हा तग धरणाऱ्याचा.

कोबाल्ट ड्रॅगूनसारखा डावीकडे फिरणारा भोवरा समोर आला की हिशेब बदलतो. उलट दिशेने फिरणाऱ्या दोन भोवऱ्यांच्या कडा टक्कर होते त्या जागी एकाच दिशेने सरकत असतात. म्हणून धक्का सौम्य बसतो आणि वेगवान भोवऱ्याची फिरकी मंद भोवऱ्याकडे जाते. अशा लढती बऱ्याचदा थांबण्यावर सुटतात. शेवटच्या काही सेकंदांत कलून लोळणारा भोवरा खरोखर थांबला की अजून फिरतोय, हे पंचाला वाकून पाहावे लागते.

सपाट बिटचा भोवरा लाँचर, म्हणजे भोवरा सोडण्याचे साधन, किंचित कलवून सोडल्यास लवकर पट्टी गाठतो. गोल किंवा टोकदार बिट मात्र लाँचर अगदी आडवा धरून सोडावे, नाहीतर भोवरा सुरुवातीपासून डुगडुगतो. वापरून झिजलेले सपाट बिट कडेला गोल होते, भोवरा पट्टीपर्यंत पोचेनासा होतो आणि दोष विनाकारण लाँचरला दिला जातो.

स्टेडियम हलत्या टेबलावर ठेवू नये. ते पाणसळ लावून सपाट करून घ्यावे, कारण एक्स्ट्रीम झोनच्या बाजूला थोडा जरी उतार झाला तरी 3 गुणांचे निकाल वाढतात. पट्टीच्या दातांत प्लॅस्टिकचा चुरा साचला की बिट नीट अडकत नाही आणि धावताना मध्येच निसटते. स्पर्धेत काही लढतींनंतर ती कोरड्या ब्रशने साफ करावी. तेल मात्र लावू नये, कारण ते बिटवर येते आणि पुढची प्रत्येक लढत घसरते.