रिकाम्या शेणखड्ड्याची परीक्षा

अक्षयतृतीया उलटली की शेणखत शेतात पडू लागते आणि वर्षभर भरत आलेला शेणखड्डा मृगापूर्वी तळाला लागतो. खड्डा रिकामा झाला म्हणजे काळजी मिटली, असे बहुतेकांना वाटते. वास्तविक गोठ्यालगतच्या विहिरीच्या दृष्टीने वर्षातला सर्वांत नाजूक काळ तेव्हाच सुरू होतो, आणि खड्डा नीट तपासायचा असेल तर तोही याच दिवसांत.

याचे कारण नत्राच्या रसायनात आहे. शेण आणि गोमूत्राने भरलेल्या ओल्या खड्ड्यात हवा फारशी नसते, त्यामुळे तिथला नत्र बराचसा सेंद्रिय किंवा अमोनियमच्या रूपात राहतो. अमोनियमवर धन प्रभार असतो आणि चिकणमातीच्या कणांवर ऋण, म्हणून माती त्याला धरून ठेवते. कच्च्या तळाखाली असा नत्र वर्षानुवर्षे साठत जातो. तळ उघडा पडून वाळला की हवा आत शिरते, जिवाणू अमोनियमचे नायट्रेट करतात, आणि नायट्रेटवरचा प्रभार ऋण असल्याने माती त्याला थोपवू शकत नाही; पुढच्या पावसाबरोबर तो खाली उतरतो. उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते असे म्हणतात. जागा बदललेल्या जुन्या उकिरड्याखाली मात्र त्या बारा वर्षांचा नत्र पडून असतो.

दख्खनच्या काळ्या जमिनीत याला आणखी एका गोष्टीची जोड मिळते. ही माती भिजली की फुगते आणि वाळली की आक्रसते. खड्डा भरलेला असताना शेणाच्या बारीक कणांनी तळाची छिद्रे बुजत जातात, माती फुगलेली राहते आणि झिरप खरोखरच कमी होते. म्हणूनच ‘आमच्या काळ्या मातीतून पाणी उतरत नाही’ या म्हणण्यात तथ्य आहे. पण ते ओल्या मातीपुरते. मे महिन्यात रिकाम्या खड्ड्याच्या तळाला पडलेल्या भेगेत सायकलच्या चाकाची तार सोडून पाहावी. ती वीत-दीड वीत सहज गेली, तर वळवाचे पाणी भेग मिटण्याआधीच मुरमापर्यंत आणि तिथून भेगाळ खडकापर्यंत पोहोचणार, हे उघड आहे. अशा खड्ड्याला सिमेंटचा गिलावा किंवा निदान शेततळ्यात अंथरतात तो जाड प्लॅस्टिकचा कागद हवा. खड्डा झाकलेला, खोल असेल तर मात्र पाहणीसाठी आत उतरू नये. तळाच्या गाळातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड वायू काही क्षणांत माणसाला बेशुद्ध करतो.

पक्का खड्डाही गळतो की नाही हे घरच्या घरी कळते. खड्डा साध्या पाण्याने भरावा आणि त्यातच दगड घालून एक बादली अशी ठेवावी की तिच्यातले पाणी बाहेरच्या पाण्याच्या पातळीला येईल. पाऊस नसताना चार-पाच दिवसांनी दोन्ही पातळ्या मोजाव्यात. बादलीतली घट म्हणजे बाष्पीभवन; खड्ड्यातली घट त्याहून जितकी जास्त, तितकी गळती.

राहिला प्रश्न आकारमानाचा, आणि इथे हिशेब बहुधा चुकीच्या बाजूने सुरू होतो. दहा गाई असलेल्या गोठ्यात धुण्याचे पाणी व मूत्र मिळून गाईमागे रोज ४० लिटर धरले, तर पावसाळ्याच्या १२० दिवसांत ४८,००० लिटर सांडपाणी होते. आता छप्पर पाहा. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. १०० चौरस मीटर पत्र्यावर ६०० मिलिमीटर पाऊस पडला की ६०,००० लिटर पाणी होते, म्हणजे गोठ्याच्या सांडपाण्यापेक्षा जास्त. कोकणात ३,००० मिलिमीटर धरले तर तेच ३ लाख लिटर. हे स्वच्छ पाणी पागोळ्यांतून गोठ्याच्या गटारात आणि तिथून खड्ड्यात जात असेल, तर कितीही मोठा खड्डा ऑगस्टमध्ये उतू जाईल. माझ्या मते खड्डा वाढवण्याआधी पन्हळ लावणे हे अधिक शहाणपणाचे आणि स्वस्तही आहे. गोबरगॅस बसवल्यानेही हा हिशेब टळत नाही, कारण वायूबरोबर मुख्यतः कार्बन जातो. नत्र जवळजवळ सगळा रबडीतच उरतो.

जमिनीखालचा खडक किती निर्णायक ठरतो, हे कॅनडातल्या वॉकर्टन गावाने मे २००० मध्ये पाहिले. मुसळधार पावसाने जवळच्या शेतातल्या शेणखतातले जंतू एका उथळ सार्वजनिक विहिरीत गेले, क्लोरीनच्या मात्रेकडे दुर्लक्ष झाले होते, आणि सुमारे २,३०० लोक आजारी पडून ७ जण दगावले. शेणखत ज्याच्या शेतातले होते त्या शेतकऱ्याने सर्व रीती पाळल्या होत्या, असा निर्वाळा चौकशीत मिळाला. दोष होता तो भेगाळ खडकातल्या उथळ विहिरीचा आणि ती सांभाळणाऱ्यांचा. आपल्याकडच्या बेसॉल्टमधल्या विहिरीही भेगांमधूनच भरतात. त्यामुळे ‘विहीर गोठ्यापासून लांब आहे’ एवढ्यावर थांबू नये. ती उताराच्या कोणत्या बाजूला आहे आणि तिचे झरे कोणत्या दिशेने येतात, हे विहिरीत उतरलेल्या गड्याला विचारून घ्यावे.

शेवटची तपासणी पाण्याचीच. एक नमुना मे महिन्यात आणि दुसरा पहिल्या मोठ्या पावसानंतर पंधरा दिवसांनी प्रयोगशाळेत द्यावा. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा बराच चढला असेल, तर संशय प्रथम खड्ड्यावर घ्यावा, आणि घरात सहा महिन्यांच्या आतले वरच्या दुधावरचे बाळ असेल तर त्या विहिरीचे पाणी त्याच्या दुधात वापरणे तत्काळ थांबवावे. पाणी उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी जेवढे आटते तेवढे त्याचे प्रमाण वाढते.