एनआरव्ही आहे म्हणून पाईप टाकीत बुडवू नका

गेट व्हॉल्व्ह आणि एनआरव्ही (नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी मागं जाऊ न देणारी झडप) यांतला फरक सांगत बसत नाही. एक हातानं फिरवायचा, दुसरा आपला आपण मिटतो, बाण पाण्याच्या दिशेनं ठेवायचा. सांगलीत मोटार असलेल्या प्रत्येक घराला एवढं ठाऊक असतं. घोळ पुढं आहे. "आमच्याकडं एनआरव्ही आहे की, मग पाईप टाकीत बुडाला म्हणून काय झालं?" हे मी इतक्या घरांत ऐकलंय की आता लिहूनच टाकतो. एनआरव्हीचं काम वेगळं, हवेच्या फटीचं, म्हणजे पाईपचं तोंड आणि टाकीतलं पाणी यांच्यामध्ये सोडलेल्या मोकळ्या जागेचं, वेगळं.

टाकीतलं पाणी उलटं लाईनीत जातं कसं? सकाळी नळाला पाणी आलं की गल्लीत दोन-चार मोटारी थेट लाईनीवर सुरू होतात. येणारं पाणी कमी, ओढ जास्त. लाईनीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो. अशा वेळी ज्या उघड्या तोटीचं किंवा नळीचं तोंड पाण्यात बुडलेलं असेल, तिथलं पाणी लाईनीत ओढलं जातं. कॅनमधून डिझेल काढताना नळी तोंडानं ओढतात, तोच प्रकार. गटारातून गेलेल्या पाईपचा जॉइंट गळका असेल तर गटाराचं पाणीही त्याच वाटेनं आत शिरतं.

विश्रामबागेतल्या एका काकूंच्या नळाला सकाळी फेस यायचा, साबणाचा वासही यायचा. शोधत गेलो तर शेजारच्या घरात कपडे भिजवायच्या टबात नळी सोडलेली, तोटी उघडी. त्या घराच्या लाईनीला एनआरव्ही होता, अगदी बरोबर बाजूनं बसवलेला. खोलून पाहिला. पितळी झडप आणि तिची बैठक यांच्यामध्ये टेफ्लॉन टेपचा एक धागा अडकलेला, त्यावर क्षाराचा पांढरा थर. फट असेल नखाएवढी. तेवढ्यातून टबातलं पाणी काकूंच्या हंड्यात पोचत होतं.

मूळ फरक इथं आहे. एनआरव्ही म्हणजे वाटेवरचं दार, आणि दार म्हटलं की ते कधीतरी नीट लागत नाही. वाळूचा कण, क्षार, गंज, थकलेली स्प्रिंग, काहीही कारण पुरतं. शिवाय ते बिघडल्याचं घरात कुणाला कळत नाही, कारण नळाला पाणी पहिल्यासारखंच येत राहतं. वरून खाली येणाऱ्या उभ्या पाईपवर झडपेचा एनआरव्ही बसवलेला तर मी कितीदा पाहिलाय. तिथं झडप स्वतःच्या वजनानंच उघडी लोंबत राहते. हवेच्या फटीत मात्र वाटच तुटलेली असते. नळीचं तोंड वर, पाणी खाली, मध्ये मोकळी हवा. लाईनीनं कितीही ओढलं तरी हवाच ओढली जाईल. गंजायला, अडकायला, झिजायला त्यात काही नाहीच.

माप सोपं आहे: पाईपच्या व्यासाच्या दुप्पट, आणि काही झालं तरी एक इंचापेक्षा कमी नाही. अर्ध्या इंची पाईपला एक इंच, पाऊण इंचीला दीड. ते आज टाकीत पाणी किती आहे त्यावरून मोजायचं नाही, टाकी ओसंडते त्या काठापासून मोजायचं. आणि पाण्याचा आवाज होतो म्हणून बॉल कॉकला (टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या गोळ्याच्या तोटीला) खालपर्यंत नळी जोडू नका. तेवढ्या एका नळीनं सगळी फट वाया जाते. मला सर्वांत राग येतो तो या नळीचा.

हे लहान प्रकरण नाही. 1933 साली शिकागोत दोन हॉटेलांतल्या सदोष नळजोडणीमुळं सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं, अमीबाची हगवण पसरली आणि 98 माणसं दगावली.

फटीमुळं पाण्याचा दाब निघून जातो, ही तिची एकच अडचण. म्हणून नळाचं पाणी फट ठेवून संपात (जमिनीतल्या टाकीत) घ्यायचं आणि मोटारीनं संपातून उचलायचं. लाईनीवर थेट मोटार लावू नका. तुमचा एनआरव्ही कितीही चांगला असला तरी तुमच्या ओढीनं दुसऱ्याच्या टबातलं पाणी लाईनीत येतं आणि सरळ वाटेनं तुमच्याच घरात पोचतं. सरळ येणारं पाणी एनआरव्ही अडवत नाही. त्याची खरी जागा मोटारीपुढच्या पाईपवर, वर चढलेलं पाणी मागं येऊ नये म्हणून. तिथं तो हवाच, आणि वर्षातून एकदा खोलून साफ करायचा.

महापुरात मात्र फटीचाही भरवसा नाही. 2019 ला आणि 2021 ला कृष्णेचं पाणी घराघरांत शिरलं तेव्हा संप काठासकट बुडाले, तिथं कसली फट राहणार? पाणी पायरीला लागायच्या आधी मीटरजवळचा स्टॉप कॉक बंद करा. पूर ओसरल्यावर संप उपसून, घासून, ब्लीचिंग पावडरनं धुऊन घ्या, लाईनीचं पहिलं पाणी बाहेर सोडून द्या आणि मगच संप भरा.