टप घासला का?

श्रावणातली सकाळ. दारात मनपाच्या आरोग्य विभागाच्या दोघी उभ्या, डेंगूच्या डासांच्या अळ्या शोधायला. एकीच्या हातात टॉर्च, दुसरीच्या हातात वही. "काका, कूलर कुठे आहे?" मी जरा तोऱ्यातच म्हटलं, पाणी तर मागच्या रविवारीच फेकलं. टॉर्चवाल्या ताई मागच्या खिडकीपाशी गेल्या, टपात उजेड टाकला आणि म्हणाल्या, "पाणी फेकलं जी, टप घासला का?"

तळाशी बोटभर पाणी राहिलं होतं, त्यात पावसाची भर पडली होती. त्यांनी थोडं पाणी पांढऱ्या बशीत काढलं. पाच-सहा अळ्या वळवळत होत्या, मध्येच वर येऊन शेपटाकडची नळी पाण्याबाहेर काढून उलट्या लटकत होत्या. ती नळी म्हणजे त्यांचं नाक. वहीत आमच्या घरापुढे खूण झाली.

नागपुरात कूलर नसलेलं घर सापडायचं नाही. 23 मे 2013 ला इथला पारा 47.9 अंशांवर गेला होता. अशा दिवसांत हे पत्र्याचं खोकं थेट जीव वाचवतं. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता ओढून घेतं. म्हणजे हजार वॉटची इस्त्री चाळीस मिनिटं चालवल्यावर जेवढी निघेल तेवढी. मे महिन्यातली आपली हवा इतकी कोरडी की वाळ्याच्या ताटीतून येणारा वारा बाहेरच्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनी सहज थंड असतो. घामही हेच काम करतो, फक्त त्याला टप आणि पंप लागत नाही.

जूनच्या मध्यावर पाऊस येतो आणि हे गणित उलटतं. हवेतच ओल भरलेली, मग ताटीवरच्या पाण्याची वाफ व्हायची कशी? कूलर नुसता चिकट वारा फेकायला लागतो. आपण बटण बंद करतो आणि त्याला विसरून जातो. तो मात्र खिडकीतच असतो, टपात पाणी घेऊन, सावलीत, माणसांपासून हातभर अंतरावर. डेंगू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाला याहून चांगली जागा नाही.

हा डास तसा घरकोंबडाच. गटाराच्या घाण पाण्यापेक्षा त्याला स्वच्छ साठवलेलं पाणी आवडतं. तो दिवसा चावतो, पलंगाखाली आणि पडद्यामागे बसतो आणि जन्मात शे-दोनशे मीटरच्या पलीकडे सहसा जात नाही. मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओल्या खरखरीत भिंतीला चिकटवते. पाणी ओतून दिलं तरी ती तिथेच राहतात. कोरड्यात महिनोन्‌महिने टिकू शकतात आणि पुन्हा पाणी चढलं की फुटतात. पुढे अळी, कोष आणि उडणारा डास व्हायला उन्हापावसाप्रमाणे आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असं मनपा सांगते ते याच हिशोबाने. पण टप घासला नाही तर कोरडा दिवस अर्धाच झाला. ताईंना नेमकं हे ठाऊक होतं, मला नव्हतं.

डास रोखायला डॉक्टर काही करू शकत नाही. त्याच्याकडे रुग्ण येतो तो ताप चढल्यावर. डेंगूच्या विषाणूचा नायनाट करणारं औषध हाताशी नाही. पाणी, विश्रांती, पॅरासिटामॉल आणि प्लेटलेटवर नजर, एवढंच. विषाणूचे चार प्रकार आहेत. एकदा एकाने गाठलं आणि पुढे दुसऱ्याने, तर दुखणं जास्त बिघडण्याची भीती असते. आणि माझ्या कूलरमधला डास चावतो शेजारच्या आजींना. त्यामुळे हा आजार घराचा नाही, गल्लीचा. गल्ली सांभाळायची जबाबदारी स्थानिक संस्थेची. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने शहरी संस्थांकडे सोपवायच्या 18 विषयांची यादी दिली, तिच्यात सार्वजनिक आरोग्य आहेच.

लोकांना मात्र हवी असते फॉगिंगची गाडी. ती दिसते, आवाज करते, धूर सोडते, पोरं मागे धावतात. पण धुराने मरतो तो त्या क्षणी हवेत उडणारा डास. पलंगाखालचा वाचतो आणि टपातल्या अळीला तर पत्ताही लागत नाही. साथ भडकली असताना धुरळणीला अर्थ आहे, एरवी ती बरीचशी समजूत काढण्यासाठी असते, असं माझं मत.

खरं काम त्या वहीत चालतं. शंभर घरं तपासली आणि आठ घरांत अळ्या सापडल्या, तर घरनिर्देशांक 8. शहराच्या दहाही झोनमधून असे आकडे आले की पुढची साथ कुठे उठू शकते याचा अंदाज बांधता येतो. यात एक खोट आहे: शेकडो अळ्यांचा कूलर आणि दोन अळ्यांची नारळाची करवंटी, हिशोबात दोन्हींचं वजन सारखंच.

दारावर येऊन बोलण्याने खरंच फरक पडतो का? निकाराग्वा आणि मेक्सिकोत हे मोजून पाहिलंय. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात 150 वस्त्या होत्या. सरकारी फवारणी सगळीकडे नेहमीसारखी चालू होती. निम्म्या वस्त्यांत त्याखेरीज लोकांना त्यांच्याच भांड्यांतल्या अळ्या दाखवल्या आणि काय करायचं ते त्यांच्यावरच सोपवलं. कुणी टाक्यांवर झाकणं बसवली, कुणी मासे सोडले. तिथल्या मुलांमध्ये डेंगूचा नवा संसर्ग सुमारे 30 टक्क्यांनी कमी निघाला. जादाचं कीटकनाशक एक थेंबही नव्हतं. मला यात गंमत वाटते ती बशीची: पत्रक वाचून हलत नाही तो माणूस स्वतःच्या घरातली अळी बघून हलतो. मी हललो.

अडचणी आहेतच. बंद घरं, 'नंतर या' म्हणणारी दारं, तुटपुंज्या मानधनावर दिवसभर जिने चढणाऱ्या बाया. ज्या वस्तीत नळाला दिवसाआड पाणी येतं तिथे ड्रम रिकामा करा म्हणणं थट्टाच होईल. तिथे नळ नीट चालवणं हाच डेंगूवरचा उपाय, आणि तो आरोग्य विभागाच्या वहीत बसत नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या महाल भागात मारबत निघाली, म्हणजे रोगराई घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक. 'ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!' ऐन डासांच्या दिवसांत हा सण येतो, हे आमच्या पूर्वजांचं अनुभवी शहाणपण की नुसता योगायोग, मला सांगता येणार नाही.

त्या रविवारी कूलर खिडकीतून काढला. ताट्या सोडवून उन्हात टाकल्या, टप आडवा केला. आतल्या बाजूला, जुन्या पाण्याच्या पांढुरक्या क्षाररेषेच्या जरा वर, काळे बारीक ठिपके होते, मोहरीहूनही लहान. आजवर मी त्यांना गंज समजत होतो. भांडी घासायची काथ्या घेतली आणि बसलो.