३.२ टक्क्यांची बिअर आणि घनतेचा घोळ

अमेरिकेत काही वर्षं काढून आलेली मंडळी बिअरचा विषय निघाला की हमखास सांगतात, ‘तिकडची बिअर म्हणजे नुसतं पाणी!’ पुरावा म्हणून अमेरिकेतल्या काही राज्यांत किराणा दुकानातून वर्षानुवर्षं मिळत आलेल्या ३.२ टक्क्यांच्या बिअरचं नाव घेतलं जातं. आपल्याकडे माइल्ड म्हणून खपणारीही ५ टक्क्यांपर्यंत जाते, मग ३.२ पाणचट नाही तर काय? पण हे दोन आकडे एका मापाचे नाहीतच. आपले ५ टक्के आकारमानाचे, ते ३.२ टक्के वजनाचे.

हा ३.२ आला कुठून? अमेरिकेत १९२० साली दारूबंदी लागू झाली. घटनादुरुस्तीने बंदी घातली ती ‘नशा आणणाऱ्या’ पेयांवर. नशा आणणारं म्हणजे किती, हे मात्र व्होल्स्टेड कायद्याने ठरवलं: आकारमानाने अर्धा टक्का अल्कोहोल. १९३३ मध्ये रूझवेल्ट अध्यक्ष झाले तेव्हा महामंदी होती, करांची निकड होती आणि घटना पुन्हा दुरुस्त व्हायला अवकाश होता. काँग्रेसने पळवाट काढली. घटनेला हात न लावता व्याख्याच बदलली. ७ एप्रिल १९३३ पासून ३.२ टक्क्यांपर्यंतची बिअर ‘नशा न आणणारी’ झाली आणि खुलेआम विकली जाऊ लागली. दारूबंदी रीतसर उठली ती पुढे डिसेंबरात.

पण जुना अर्धा टक्का आकारमानाचा होता, नवा ३.२ वजनाचा. कागदावर मर्यादा साधारण साडेसहा पट वाढलेली दिसते, प्रत्यक्षात आठ पट वाढली.

का, ते बघू. निव्वळ अल्कोहोलची, म्हणजे इथेनॉलची, घनता २० अंश सेल्सिअसला ०.७८९ आहे. एक मिलिलिटर पाणी एक ग्रॅम भरतं, एक मिलिलिटर इथेनॉल पाऊण ग्रॅमपेक्षा थोडं जास्त. १०० ग्रॅम बिअरमध्ये ३.२ ग्रॅम इथेनॉल असेल तर ते जागा व्यापेल ३.२ भागिले ०.७८९, म्हणजे सुमारे ४ मिलिलिटर. म्हणून वजनी ३.२ टक्के म्हणजे आकारमानी ४ टक्के. स्वीडनमध्ये किराणा दुकानातल्या बिअरची मर्यादा पूर्वी वजनी २.८ होती, आज ती आकारमानी ३.५ म्हणून सांगतात. मर्यादा तीच आहे. दोन्हीकडे गुणक सव्वाचा.

वजनाचं माप मागासलेलं आहे असं मात्र समजू नका. रसायनशास्त्राच्या दृष्टीने तेच जास्त सरळ. ५०० ग्रॅम इथेनॉल आणि ५०० ग्रॅम पाणी मिसळा, बरोबर १००० ग्रॅम भरेल. ५०० मिलिलिटर इथेनॉल आणि ५०० मिलिलिटर पाणी मिसळा, मिळतील साधारण ९६५ मिलिलिटर! उरलेले ३५ उडून गेले नाहीत. पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून राहतात, आणि त्या जाळीत बरीच मोकळी जागा असते. इथेनॉलच्या रेणूचं एक टोक पाण्याशी तसेच बंध जुळवतं, दुसरं टोक त्या जागेत सामावतं. दोघं मिळून आधीपेक्षा दाटीवाटीने बसतात. शिवाय द्रव तापला की फुगतो, म्हणून आकारमानी टक्के सांगताना तापमानही ठरवावं लागतं. युरोपात ते २० अंश सेल्सिअस, अमेरिकेत ६० अंश फॅरनहाइट.

बिअर बनवणारा ही सगळी कुंडली काढतो ती हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजणारी नळी, बुडवून. माल्टचा गोड काढा, ज्याला वॉर्ट म्हणतात, सुरुवातीला पाण्यापेक्षा जड असतो, समजा १.०४८. यीस्ट साखर खातं. १८० ग्रॅम ग्लुकोजमधून जास्तीत जास्त ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. वायू निघून जातो, हलकं इथेनॉल मागे राहतं, घनता घसरते आणि १.०१० च्या आसपास थांबते. फरक ०.०३८, त्याला सुमारे १३१ ने गुणा. आली ५ टक्क्यांची बिअर.

थांबली ती १.०१० वर, हे लक्षात ठेवा. यीस्टला न पचलेल्या डेक्स्ट्रिन्स नावाच्या शर्करांमुळे तयार बिअरसुद्धा पाण्यापेक्षा किंचित जड असते. आपल्याकडे पार्ट्यांमध्ये एक महाशय ग्लासभर पाण्यात बिअरची बाटली उलटी धरतात, खाली उतरणारी पिवळी धार दाखवतात आणि जाहीर करतात, ‘हे बघा, ग्लिसरीन निघालं!’ निघाली ती बिअरच. जड द्रव खाली येणार, हलकं पाणी वर जाणार. ग्लिसरीन बिअरमध्ये असतं, लिटरमागे एक-दोन ग्रॅम, पण ते यीस्टनेच बनवलेलं असतं आणि पाण्यात पूर्ण विरघळलेलं. ते असं वेगळं होऊन ओघळत नाही.

घनतेचंच भूत आपल्या व्हिस्की-रमच्या लेबलावरही आहे. ‘४२.८ टक्के’ हा विचित्र आकडा आणि शेजारी ‘७५ अंश प्रूफ’. प्रूफ म्हणजे दारूची तीव्रता सांगणारं जुनं ब्रिटिश माप. त्यात १०० प्रूफ म्हणजे ५१ अंश फॅरनहाइटला तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या १२/१३ वजनाचा द्रव. हे भरतं आकारमानी सुमारे ५७.१ टक्के, त्याचे पाऊण करा. इंग्लंडने हे माप सोडलं, महाराष्ट्राचं उत्पादन शुल्क खातं मात्र अजून प्रूफ लिटरमध्ये हिशेब करतं.

आता ‘नशा न आणणारी’ या शब्दांकडे. अर्धा लिटर ३.२ वाल्या बिअरमध्ये जवळपास १६ ग्रॅम इथेनॉल असतं. यकृत कायद्याची व्याख्या वाचत नाही. ओक्लाहोमात तर हीच ‘नशा न आणणारी’ बिअर मुलींना १८ व्या वर्षी मिळे, मुलांना २१ व्या. सरकारचा बचाव असा की, त्या वयातले २ टक्के मुलगे आणि ०.१८ टक्के मुली पिऊन गाडी चालवताना पकडल्या जातात. १९७६ मध्ये क्रेग विरुद्ध बोरेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा भेद रद्द केला. लिंगभेदाच्या खटल्यांत आजही या निकालाचा दाखला दिला जातो.

ओक्लाहोमाने ३.२ ची मर्यादा २०१८ मध्ये सोडली, कॅन्ससने २०१९ मध्ये. युटाने त्याच वर्षी १ नोव्हेंबरला ती वजनी ४ टक्क्यांवर नेली, म्हणजे आकारमानी ५. मिनेसोटातल्या किराणा दुकानांत मात्र ३.२ अजून टिकून आहे, तेही वजनी.