‘बक्षीसपत्र झालं, आता काही होत नाही’ हे खरं नाही

पंचवटी असो की सिडको, नाशिकच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर हे वाक्य हमखास ऐकू येतं: घर एकदा मुलाच्या नावावर केलं की कायद्याचेही हात बांधलेले. या समजुतीपायी कितीतरी आईवडील निमूट सोसत राहतात, याचं फार वाईट वाटतं.

२००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ वेगळंच सांगतं. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर याच कायद्याखालचं न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द ठरवू शकतं. हस्तांतर मात्र कायदा लागू झाल्यानंतरचं हवं. खरी मेख अटीत आहे. अट होती हे सिद्ध करावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावलं. म्हणून ती दस्तातच लिहून घ्या, ‘आपलाच मुलगा आहे’ म्हणून सोडू नका. २०२५ च्या जानेवारीत त्याच न्यायालयाने ताबा परत देण्याचा आदेशही न्यायाधिकरण देऊ शकतं, हे स्पष्ट केलं.

संयुक्त राष्ट्रांची १९९१ ची ज्येष्ठांविषयीची तत्त्वं बंधनकारक नाहीत. २००७ चा हा कायदा मात्र बंधनकारक आहे. न्यायाधिकरणाचा अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे करायचा. पोटगीही तिथेच मागता येते.