पदक गळ्यात पडलं, तरी चालत राहा

लांब पल्ल्याच्या शर्यतीत माणूस कोसळतो तो शेवटच्या किलोमीटरला, असा आपला समज असतो. दक्षिण आफ्रिकेतल्या 56 किलोमीटरच्या एका शर्यतीत कोसळलेल्या धावपटूंचा डॉक्टरांनी अभ्यास केला, तेव्हा त्यातले सुमारे 85 टक्के अंतिम रेषा ओलांडल्यावर कोसळलेले निघाले. म्हणजे हात उंचावून, फोटोसाठी हसून झाल्यावर.

याचं कारण पोटऱ्यांत आहे. धावताना पायांतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. तिथलं रक्त वर चढवायला हृदयाला पोटऱ्यांच्या स्नायूंची मदत लागते. प्रत्येक पावलाला ते आकसतात, शिरा दाबल्या जातात आणि शिरांमधल्या झडपांमुळे रक्त उलटं न येता हृदयाकडेच सरकतं. रेषा ओलांडून सेल्फीसाठी थबकलात की हा पंप बंद पडतो; वाहिन्या मात्र अजून रुंदच असतात. मग रक्त पायांत साठतं, रक्तदाब घसरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. स्वयंसेवक ‘चला, पुढे चला’ म्हणून मागे लागतात, त्यात गर्दी हटवण्याचा हेतू असतोच. पण त्यांचं ऐकण्यात आपलाही फायदा आहे. चक्कर आलीच, तर आडवं करून पाय उंच धरले की बहुतेकांना थोड्याच वेळात बरं वाटतं. तरीही माणूस असंबद्ध बोलत असेल, तर थेट डॉक्टर गाठायचे.

दुसरी घाई पाण्याची. ‘जितकं जास्त प्याल तितकं चांगलं’ हा सल्ला फार वर्षं चालला, आणि तो धोक्याचा आहे. 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त रेषेवरच तपासलं, तर 13 टक्के लोकांत सोडियम प्रमाणापेक्षा कमी होतं. धावून वजन घटायला हवं. यातल्या बऱ्याच जणांचं उलट वाढलेलं होतं, इतकं ते वाटेत प्यायले होते. श्रमाच्या ताणात शरीर लघवी रोखून धरतं, त्यामुळे जादा पाणी लवकर बाहेर पडत नाही, रक्त पातळ होतं आणि फार झालं तर मेंदूला सूज येते. तहान लागेल तेवढंच प्यावं, सोबत काहीतरी खारट खावं.

आणि बिअर? जर्मनीत बऱ्याच शर्यतींच्या शेवटी गव्हाची बिअर मिळते, पण बिनअल्कोहोलची. अल्कोहोल असलेली भरपूर घेतली, तर स्नायूंची डागडुजी मंदावते.

एवढं सोसून आनंद होतो तो कशाने? वर्षानुवर्षं एंडॉर्फिन या शरीरातल्या वेदनाशामक द्रव्याला श्रेय दिलं गेलं, पण रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहजी शिरत नाही. 2021 मध्ये जर्मनीत 63 जणांवर प्रयोग झाला. औषधाने एंडॉर्फिनची वाट अडवली, तरी 45 मिनिटं धावल्यावर त्यांना तोच हलकेपणा जाणवला. आता संशय एंडोकॅनाबिनॉइड्सवर आहे. शरीरातच बनणारी ही स्निग्ध द्रव्यं मेंदूत सहज पोचतात.

तेव्हा पार्टी त्याच संध्याकाळी उरकून घ्या. स्नायूंचं दुखणं खरा जोर धरतं ते एक ते तीन दिवसांनी, आणि सगळ्यात जास्त जाणवतं ते जिना उतरताना. कारण तेव्हा मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, आणि मॅरेथॉनमध्ये हजारो वेळा त्याने हेच केलेलं असतं. रविवारी 42 किलोमीटर धावलेला गडी मंगळवारी पहिल्या मजल्यावरून खाली यायला लिफ्टची वाट पाहत उभा दिसला, तर हसू नका.